इंजिनाला मारलेली थाप

आमच्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी आपल्या छोट्या डिझेल गाडीला एक डबी बसवून घेतली. डबी म्हणजे अक्षरशः डबी. पानाचा डबा असतो ना, त्याहूनही लहान. बॉनेट उघडायचे, इंजिनावरचा एक प्लग काढायचा, मध्ये ही डबी जोडायची, वायर नीट बांधायची आणि बॉनेट बंद करायचे. सारा कारभार पंधरा मिनिटांचा. इंजिन खोलणे नाही, हात काळे होणे नाही. "मामा, पंचाहत्तर हॉर्सपॉवरची गाडी नव्वदच्या पुढं गेली बघ," भाचा म्हणाला. ज्याने उमेदीची वर्षे रोज सकाळी स्कूटर तिरकी करून, किक मारमारून सुरू करण्यात घालवली, त्या माणसाला पंधरा हॉर्सपॉवर पंधरा मिनिटांत मिळतात हे ऐकून काय वाटावे?

"तू बसून तर बघ," असे म्हणून त्याने मला कात्रजच्या चढावर फिरवून आणले. खोटे कशाला सांगू, मजा आली. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबताच पाठ सीटला टेकली आणि पुढचा टेम्पो बघता बघता मागे पडला. ही डबी म्हणजे निव्वळ फसवणूक असती, तर चार शिव्या देऊन विषय संपला असता. अडचण अशी की, ती काम करते. म्हणूनच ती काय करते आणि कशाच्या जोरावर करते, हे एकदा शांतपणे बघायला हवे.

डिझेल इंजिनाची ताकद 'वाढवून घेणे' हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. विहिरीवरच्या डिझेल पंपापासून ट्रकपर्यंत, इंधनपंपाचा स्क्रू थोडा फिरवला की जास्त डिझेल जाते आणि इंजिन जोर धरते, हे मिस्त्री लोकांना पूर्वापार ठाऊक आहे. मागून निघणारा काळा धूर पाहूनच कळायचे की, कोणीतरी स्क्रू फिरवला आहे. पुढे तंत्र बदलले. १९९७ साली अल्फा रोमिओच्या १५६ या मोटारीत 'कॉमन रेल' पद्धतीचे डिझेल इंजिन आले. २००३ साली इटलीच्या फियाटने त्याच पद्धतीचे १२४८ सीसीचे छोटे इंजिन काढले. ते आपल्याकडेही इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसले की, गमतीने त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हटले जाई. २००७ मध्ये ते डिझेल स्विफ्टमध्ये आले. आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात आणि तिकडे हरियाणात मानेसरला ते तयार होत असे. भाच्याच्या गाडीतही हेच इंजिन आहे.

कॉमन रेल म्हणजे एक जाड पोलादी नळी. तिच्यात डिझेल प्रचंड दाबाखाली साठवलेले असते आणि तिथून चारही सिलिंडरांना ते फवाऱ्यासारखे मिळते. दाब किती? आपण टायरमध्ये तीस-बत्तीस पौंड हवा भरतो, म्हणजे साधारण दोन बार. या नळीतला दाब १४०० बारपर्यंत जातो. टायरच्या सुमारे सातशेपट! हा दाब मोजायला नळीवर एक सेन्सर असतो. तो क्षणोक्षणी इंजिनाच्या संगणकाला कळवतो की, सध्या दाब इतका आहे. त्यावरून संगणक ठरवतो, दाब वाढवायचा की कमी करायचा आणि फवारा किती वेळ उघडा ठेवायचा.

डबी बसते ती नेमकी या दोघांच्या मध्ये. सेन्सर खरे सांगतो; डबी ते ऐकते आणि संगणकाला थोडे कमी करून सांगते. बिचारा संगणक समजतो दाब कमी पडला, म्हणून तो वाढवतो. दाब वाढला की तेवढ्याच वेळात जास्त डिझेल आत जाते, आणि गाडी पळते. डबी स्वतः एक थेंबही जास्त डिझेल देत नाही. ती फक्त थाप मारते.

मी हे भाच्याला म्हटले तर तो हसला. "मामा, कंपनीनं मुद्दाम ताकद दाबून ठेवलेली असते. हेच इंजिन लिनियात नव्वदच्या वर देत होतं की!"

मुद्दा बिनतोड वाटतो, आणि आकडा खराही आहे. २००९ साली आपल्याकडे आलेल्या फियाट लिनियात हेच १२४८ सीसीचे इंजिन नव्वदच्या वर हॉर्सपॉवर देत होते. पण ते नुसते डिझेल वाढवून नव्हे. त्यासाठी फियाटने टर्बोच वेगळा घातला होता. आतल्या पात्यांचा कोन वेगाप्रमाणे बदलणारा. टर्बो म्हणजे काय, तर चुलीवरची फुंकणी. तो इंजिनात हवा कोंबतो. आपल्या आजीला विचारा, चुलीत लाकडे वाढवली आणि फुंकणी घातली नाही तर काय होते? जाळ होत नाही, धूर होतो. फियाटने लाकडे वाढवली, तशी फुंकणीही मोठी केली. डबी फक्त लाकडे कोंबते.

आणि या इंजिनाची ठाऊक असलेली खोड अशी की, दोन हजार फेऱ्यांच्या खाली त्याची फुंकणी नीट चालत नाही. घाटात, वळणावर, भरल्या गाडीत हे इंजिन मलूल वाटते ते त्यामुळे. बहुतेक लोक डबी घेतात ती हा मलूलपणा घालवण्यासाठी. पण तिथे कमी असते हवा, आणि डबी देते डिझेल. जिथे गरज आहे तिथे धूर, आणि जिथे गरज नाही त्या मोकळ्या रस्त्यावर वेग, असा हा सौदा आहे.

राहता राहिली 'दाबून ठेवलेली' ताकद. ती कंपनीच्या कंजूषपणाची नसते. मे महिन्यातली सोलापूरची दुपार, गाळणी न बदललेला एअर फिल्टर, आडगावच्या पंपावरचे डिझेल, पाच माणसे आणि वर सामान, शिवाय बारा-पंधरा वर्षांचे वय, या सगळ्यांसाठी राखून ठेवलेली ती शिल्लक असते. आपल्या आया डब्याच्या तळाशी चार नोटा ठेवत, त्या काही खर्च करायला विसरल्या म्हणून नव्हे.

हे सारे मी भाच्याला सांगितले असेन-नसेन, त्याने ऐकले नाही. ऐकण्याचे वय नव्हते आणि खरे तर मीही त्या चढावर खूश झालो होतो. ती शिल्लक आम्हाला दिसली गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, कुंभार्ली घाटात.

चिपळूणहून परत येत होतो. गाडीत भाचा, त्याची बायको, सहा वर्षांची नात, माझी बहीण आणि मी. डिकीत आंब्याच्या चार पेट्या, दोन फणस आणि बायकांनी शेवटच्या क्षणी घेतलेले बरेच काही. पोफळी सोडली आणि चढ लागला. वळणावर गाडी मंदावली की भाचा वरच्याच गिअरमध्ये पाय दाबी, कारण डबीची त्याला तशी सवय लागली होती. पूर्वी तो गिअर खाली टाकत असे. चार-पाच वळणे झाली आणि माझी बहीण म्हणाली, "दादा, काहीतरी जळतंय रे." इंजिन ओरडत होते आणि गाडी मात्र चढत नव्हती. क्लच घसरू लागला होता. एक लाख वीस हजार किलोमीटर चाललेली मूळची क्लचप्लेट. पंचाहत्तर हॉर्सपॉवर तिने अजून काही महिने सहज ओढले असते.

कशीबशी कडेला जागा बघून थांबलो. मागून एक मोटरसायकल आली आणि पुढे जाऊन उभी राहिली. नवरा-बायको आणि मध्ये चार-पाच वर्षांचा मुलगा. बाईने पदराने मुलाचे तोंड पुसले. पदराला काळे लागले. ती माणसे तीन वळणे आमच्या मागे होती. पुढे निघायला जागा नव्हती, मागे थांबायला कठडा नव्हता. मला वाटले, आता भांडण होणार. तो माणूस जवळ आला, वाकून आमच्या गाडीखाली बघितले आणि म्हणाला, "साहेब, फार धूर टाकतेय. गाडी दाखवून घ्या. पोरं आहेत तुमच्याबी गाडीत." एवढेच बोलला आणि गेला. भाच्याने मान वर केली नाही.

या गाडीचे पी.यू.सी. प्रमाणपत्र मात्र चालू होते, आणि डबी बसवलेली असतानाच मिळालेले होते! यात कोणी लाच घेतली नव्हती. डिझेल गाडीची तपासणी गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून होते. घाट, पाच माणसे आणि आंब्याच्या पेट्या त्या तपासणीत नसतात. आणि तिथेही शंका आली तर डबी काढायला किती वेळ? दोन मिनिटे.

माझा खरा आक्षेप इथे आहे. 'कुठलाही पुरावा मागे राहत नाही' हाच या वस्तूचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. सर्व्हिसिंगला जाताना काढा, म्हणजे वॉरंटी शाबूत. पी.यू.सी.ला जाताना काढा. विम्याच्या माणसापुढे काढा. आणि गाडी विकताना तर काढाच. डबी पुढच्या गाडीला चालेल. घेणारा बिचारा किलोमीटरचा आकडा बघून पैसे मोजेल. त्या किलोमीटरांत इंजिन, टर्बो आणि गिअरबॉक्स यांनी किती ओझे वाहिले, ते त्याला कधीच कळणार नाही. जी सुधारणा चार जणांपासून लपवावी लागते, तिला सुधारणा म्हणावे का, याचा विचार घेणाऱ्याने करावा.

२०१५ साली फोक्सवॅगनसारख्या जगन्मान्य कंपनीची लबाडी उघडकीस आली तेव्हा आपण सगळ्यांनी नाके मुरडली. त्यांच्या डिझेल गाड्यांतला संगणक तपासणी ओळखायचा आणि तेवढ्यापुरता सभ्य वागायचा. रस्त्यावर आला की मोकाट. आपली डबी काय वेगळे करते? तिथे कंपनीने सरकारला फसवले, इथे मालक स्वतःच्याच गाडीला फसवतो. धूर मात्र दोन्हीकडे तिसऱ्याच्याच नाकात जातो. आणि तो नुसता वास नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसांत कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले आहे.

कायदाही झोपलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाहून वेगळा ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला ही डबी सापडली, तर तो काय लिहील, हेही मनात आणून बघावे.

कोणी म्हणेल, छोट्या डिझेल गाड्या आता राहिल्यात किती? मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंदच केल्या. खरे आहे. पण बंद झाले ते उत्पादन. आधीच्या गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, तालुक्याच्या गावी आहेत, वडाप करीत आहेत, एखाद्या घरची पहिलीच मोटार म्हणून अंगणात उभ्या आहेत. त्या म्हाताऱ्या होत आहेत, आणि म्हाताऱ्या इंजिनाला तरुण करण्याचा मोह तरुण मालकाला जास्त होतो.

मग काय करावे? आम्हाला कराडच्या मिस्त्रीने जे सांगितले ते सांगतो. त्याने क्लचप्लेट बदलली, एअर फिल्टर काढून उन्हात धरला आणि म्हणाला, "काका, ह्यातनं उजेड दिसतोय का? मग इंजिनानं श्वास कुठनं घ्यायचा?" फिल्टर बदलला. टर्बोपासून इंजिनाकडे येणाऱ्या रबरी पाइपला चीर होती, तो बदलला. टायरमधली हवा पुरी केली. नवी क्लचप्लेट वगळली तर हा सारा खर्च डबीच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी झाला. आणि गाडी सुरू करून देताना त्याने भाच्याला एकच वाक्य ऐकवले, "घाटात दोन नंबर टाकायला लाजू नका."

गाडी परत आली ती डबीशिवाय. पाठ आता सीटला टेकत नाही. घाटात आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये चढतो, वर पोचायला पाच-सात मिनिटे जास्त लागतात, आणि मागे बघितले तर मागची गाडी दिसते.

डबी भाच्याच्या टेबलाच्या खणात आहे. चालू स्थितीत आहे, निम्म्या किमतीत सहज जाईल, असे तो मधूनमधून म्हणतो. गिऱ्हाइकही आहे, त्याच्याच ऑफिसातला एक मुलगा, ज्याने नुकतीच चौदा वर्षे जुनी गाडी घेतली आहे. माझे मत असे की, विकू नये. बहीण म्हणते, फेकूनच दे. भाचा अजून काही बोललेला नाही. पण परवा तो त्या मुलाला घेऊन घरी आला होता. डबी दाखवण्याआधी त्याने त्याला बॉनेट उघडायला लावले आणि विचारले, "आधी सांग, फिल्टर शेवटचा कधी बदललास?"