घरातलं विज्ञान : तुरटी आणि लस

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की घरोघरी हंड्यात तुरटी फिरवली जाते. तुरटी विरघळल्यावर तिच्यातल्या ॲल्युमिनियमचं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड बनतं. कापसासारखे हे हलके पुंजके मातीच्या कणांना धरून तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं.

मित्रांनो, हेच ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड प्रथिनांनाही धरून ठेवतं. प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. त्यातल्या ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांवर पाण्यात ऋण भार असतो, तर हायड्रॉक्साइडच्या पृष्ठभागावर धन भार. म्हणून हे मणी त्याला चिकटतात. लायसिनवर मात्र धन भार असतो. तो दूर लोटला जातो. पाण्यात मीठ वाढलं की ही ओढ सैल होते. प्रथिनावर फॉस्फेट असेल तर पकड आणखी पक्की, कारण फॉस्फेट पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिलची जागा घेऊन थेट ॲल्युमिनियमशी बंध जोडतं.

याचा उपयोग काय? १९२६ मध्ये अलेक्झांडर ग्लेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घटसर्पाचं निर्विष केलेलं विष तुरटीने साकळवून गिनीपिगना टोचलं, तेव्हा प्रतिकारशक्ती कितीतरी चांगली आली. आज बाळांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलेंट आणि हिपॅटायटिस बी लशींमध्येही ॲल्युमिनियमचे क्षार असतात. लशीतलं प्रथिन त्यांच्या कणांना चिकटून राहतं आणि शरीरातल्या प्रतिकारपेशी जाग्या होतात.

आता घरातल्या कामाची गोष्ट. ही लस गोठली तर बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. बर्फ वितळला तरी त्या सुटत नाहीत आणि लशीचा जोर कमी होतो. म्हणून अशी लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. तोंडाने द्यायच्या पोलिओच्या थेंबांचं उलट आहे, ते गोठवूनच साठवतात.

तेव्हा औषधांच्या दुकानातून लस आणायची वेळ आली तर ‘जितकं गार तितकं चांगलं’ असं समजून ती फ्रीझरमध्ये ठेवू नका. बाटली बर्फाला थेट टेकवूही नका. गोठल्याची शंका आली तर डॉक्टरांना टोचण्याआधी सांगा. आणि नर्सताई बाटली हलवताना दिसल्या की बाळाच्या आईबाबांना सांगा : तळाशी बसलेले कण त्या पुन्हा सारखे मिसळत आहेत, प्रत्येक बाळाला पुरता डोस मिळावा म्हणून!