क्रमांक आणि कमांड

कोलकात्याच्या दक्षिणेला बेहाला येथे, पर्णश्रीच्या वस्तीला लागून, एक छोटी धावपट्टी आहे. प्रवासी विमाने सगळी दमदमला उतरतात. बेहालाला एकेकाळी राज्य सरकारची वैमानिक प्रशिक्षण संस्था चालत असे आणि आसपासचे लोक त्या जागेला फ्लाइंग क्लब म्हणून ओळखतात. अशा पट्ट्यांवर शिकणारा मुलगा किंवा मुलगी उड्डाणाचे तास मोजत असते. दोनशे तास भरले, परीक्षा सुटल्या की व्यावसायिक परवाना. आज या शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो आणि बहुतेक घरांत तो कर्ज काढूनच भागतो. नोकरी लागली की वेगळे मोजमाप सुरू होते. विमान कंपनीच्या ज्येष्ठता यादीत आपला क्रमांक कितवा?

उजव्या सीटवरून डाव्या सीटवर, म्हणजे सहवैमानिकाचा कॅप्टन, कधी होणार. मोठ्या विमानाचे प्रशिक्षण कोणाला मिळणार. कोणत्या शहरात बदली होणार. दिवाळीची रजा कोणाच्या पदरात पडणार. या सगळ्याला जुन्या व्यवस्थेत त्या क्रमांकाचा आधार असतो. नोकरी सोडून दुसरीकडे गेलात तर तास तुमच्या वहीत राहतात, क्रमांक मात्र पुन्हा तळापासून. म्हणूनच एकेका क्रमांकासाठी वैमानिक कोर्टात जातात, संप करतात. बाहेरच्याला हा अहंकार वाटतो, पण तो तसा नाही.

ज्येष्ठतेच्या बाजूने बोलायचे तर आधी एक जुने उड्डाण आठवावे लागेल. नोव्हेंबर 1985 मध्ये इंडियन एअरलाइन्सचे फॉकर फ्रेंडशिप विमान कोलकात्याहून सिलचरला गेले. कमांड कॅप्टन सौदामिनी देशमुख यांची होती, सहवैमानिक होत्या निवेदिता भसीन. दोन्ही सीटवर महिला असलेले ते आपल्याकडचे पहिले प्रवासी उड्डाण. प्रेम माथुर यांनी व्यावसायिक परवाना मिळवला तो 1947 मध्ये. मधली अडतीस वर्षे सांगतात की परवाना मिळणे आणि विमान ताब्यात मिळणे यांत किती अंतर होते. बाईच्या हाती कमांड द्यावी की नाही हे प्रत्येक वेळी वरिष्ठांच्या मर्जीवर राहिले, तर नकाराला कारणे कधीच कमी पडत नाहीत. रुजू झाल्याची तारीख मात्र बाई-पुरुष पाहत नाही. आडनाव, भाषा, साहेबांशी घरोबा यांतले काहीच तिला कळत नाही. यादीचा सर्वांत मोठा गुण हाच, असे आम्ही मानतो.

दुसरा गुण सुरक्षिततेचा. हवामान वाईट आहे, विमानात दोष आहे किंवा आपण स्वतः थकलो आहोत म्हणून उड्डाण नाकारणे हे कॅप्टनचे कर्तव्य असते. बढती व्यवस्थापनाच्या खुशीवर टांगलेली असेल तर तो नकार जड जातो. क्रमांक पक्का असलेला माणूस न घाबरता नाही म्हणू शकतो.

आता दुसरी बाजू. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या, पण दोन्हीकडच्या वैमानिकांच्या याद्या एकत्र झाल्या नाहीत. एअर इंडियाकडे मोठी, लांब पल्ल्याची विमाने आणि कमांडसाठी लांबलचक प्रतीक्षा. इंडियन एअरलाइन्सकडे देशांतर्गत मार्ग आणि तुलनेने लवकर मिळणारी कमांड. मग एकाच वर्षी रुजू झालेल्या दोघांत ज्येष्ठ कोण? तारीख धरली तर एक नाराज, पद धरले तर दुसरा. बोइंग 787 विमाने येऊ घातली तेव्हा हा प्रश्न फुटला. ही विमाने विलीनीकरणाआधी आमच्या कंपनीने मागवली, त्यांचे प्रशिक्षण आमचे, असे एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड म्हणत होती. कंपनी एक झाली तर संधीही सारखी हवी, असे इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांचे म्हणणे होते. विलीनीकरणाचे प्रश्न सोडवायला नेमलेल्या न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल जानेवारी 2012 मध्ये आला, तरी मे महिन्यात संप झाला आणि तो 58 दिवस चालला. शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले. दिल्ली उच्च न्यायालयापुढे जुलैच्या सुरुवातीला तो मिटला. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. अडचण हीच होती.

अमेरिकेने हे आधीच भोगले होते. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट 2005 मध्ये एक झाल्या. लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी 2007 मध्ये यादीचा निवाडा दिला. त्यात यूएस एअरवेजचा सतरा वर्षांच्या नोकरीचा, पण त्या वेळी कामावरून कमी केलेला वैमानिक अमेरिका वेस्टच्या नुकत्याच लागलेल्या मुलाच्या आसपास येऊन पडला. संख्येने मोठ्या असलेल्या यूएस एअरवेजच्या गटाने जुनी संघटना सोडून नवी काढली आणि निवाडा वर्षानुवर्षे कागदावरच राहिला. म्हणजे तटस्थ लवाद नेमला की सगळे सुरळीत होईल, हा भाबडेपणा आहे. मात्र 2008 मध्ये डेल्टा आणि नॉर्थवेस्ट एक झाल्या, तेव्हा काही वर्षे ठरावीक मोठ्या विमानांवर आपापल्या वैमानिकांचा हक्क राखून यादी जुळवली गेली आणि ती टिकली. 787 च्या वादाला असाच काहीसा तोडगा हवा होता.

विलीनीकरणात निदान भांडायला यादी तरी असते. 17 एप्रिल 2019 रोजी जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा मुंबईच्या कितीतरी घरांत पंधरा-वीस वर्षांचा क्रमांक एका रात्रीत शून्य झाला. ज्यांना दुसरीकडे कमांड मिळाली तेही नव्या यादीत खाली गेले. त्यांना वरची जागा दिली असती, तर तिथे आधीपासून थांबलेल्या सहवैमानिकांवर अन्याय झाला असता. यावर आमच्याकडे निर्दोष उत्तर नाही. अनुभव पगारात धरावा, रांगेत धरू नये, इतकेच आम्हाला त्यातल्या त्यात न्याय्य वाटते.

रांग वरून अडते तेव्हा होणारी कुचंबणा वेगळी. अमेरिकेने डिसेंबर 2007 मध्ये निवृत्तीचे वय 60 वरून 65 केले. वरच्यांना पाच वर्षे मिळाली, खालच्यांची कमांड तेवढीच लांबली. आपल्याकडे एअर इंडिया आणि विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 रोजी एक झाल्या. त्याआधी एका कंपनीत 58 आणि दुसरीत 60 हा वयाचा फरकच धुसफुशीचे कारण झाला होता. 

सर्वांत नाजूक भाग कॉकपिटच्या आतला आहे. 7 ऑगस्ट 2020 रोजी कोळिकोडला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान भर पावसात धावपट्टीच्या पुढे जाऊन कोसळले, 21 जण गेले. कॅप्टन दीपक साठे आपले नागपूरचे, हवाई दलात नावाजलेले, हजारो तासांचा अनुभव असलेले. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना दिली होती, तरी विमान उतरवले गेले आणि सहवैमानिकाने ताबा घेतला नाही, असे चौकशी अहवाल म्हणतो. त्या तळावर सहवैमानिक भरपूर आणि कॅप्टन अगदीच थोडे, याकडेही अहवालाने बोट दाखवले. दोन्ही वैमानिक त्या रात्री गेले. दोष वाटत बसायला आम्ही हे लिहीत नाही. सहवैमानिकाचा आवाज दबला तर त्याची किंमत काय पडते, एवढेच नोंदवायचे आहे.

पण याचे खापर यादीवर फोडणे चूक ठरेल. 22 मे 2010 रोजी मंगळूरला 158 जण गेले, तिथेही सहवैमानिकाने परत वर चला म्हटले होते. तिथला कॅप्टन परदेशी होता, ज्येष्ठतेच्या रांगेतून वर आलेला नव्हता. दरारा कॅप्टनच्या खांद्यावरच्या चौथ्या पट्टीतून येतो, तो यादी रद्द केल्याने जाणार नाही. त्यावर उपाय प्रशिक्षणाचा, आणि सहवैमानिकाने ताबा घेतला तर त्याच्या पाठीशी उभे राहण्याचा.

म्हणून आमचे मत असे. पाळी यादीने ठरावी, कमांड परीक्षेने. क्रमांक आला की प्रशिक्षणाची संधी हक्काने मिळावी. सिम्युलेटरमध्ये आणि प्रत्यक्ष उड्डाणात तपासणी पास झाल्याशिवाय चौथी पट्टी मिळू नये. नापास झालेल्याला कारणे लेखी कळावीत आणि पुन्हा संधी मिळावी, म्हणजे परीक्षेच्या आडून मर्जी शिरणार नाही. नव्या मुलांना हे संथ वाटेल, आणि त्यांच्या डोक्यावर कर्जाचे हप्ते आहेत हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही हुशारीच्या नावाखाली रांग मोडली तर उद्या तेच त्याचे पहिले बळी ठरतील.

विलीनीकरणाबाबत मात्र सरकारने आता अंग काढून घेऊ नये. 2007 च्या अखेरीस अमेरिकेने मॅककॅस्किल-बॉन्ड कायदा केला. कंपन्या एक होताना याद्या न्याय्य रीतीने जुळवाव्यात, जमले नाही तर बंधनकारक लवादाकडे जावे, असे तो सांगतो. आपण त्यात एका गोष्टीची भर घालावी. याद्या कशा जुळणार आणि कोणत्या विमानांवर कोणाचा हक्क किती वर्षे राहणार, हे व्यवहाराला मंजुरी देण्याआधी दोन्हीकडच्या वैमानिकांसमोर लेखी यावे. प्रवाशांच्या तिकिटांचे काय होणार हे विलीनीकरणाच्या दिवशी ठरलेले असते. वैमानिकांच्या क्रमांकाचेही त्याच दिवशी ठरलेले असावे.