न खेळलेल्याने बोलू नये?

होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये मॅच लागली की एक वाद हमखास पेटतो. जो साधी रणजीसुद्धा खेळला नाही, त्या हर्षा भोगलेला एवढ्या मोठ्या चॅनलवर बसवायचं कशाला?

हर्षा शिक्षणाने आपल्यासारखाच इंजिनिअर. हैदराबादच्या मराठी घरातला, उस्मानिया विद्यापीठातून केमिकल, पुढे आयआयएम अहमदाबाद. नाव कमावलं ते लिहून आणि बोलून. नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलकात्याला बांगलादेशविरुद्ध गुलाबी चेंडूची कसोटी होती. चेंडू नीट दिसतो का, हे खेळाडूंनाच विचारायला हवं, असं तो म्हणाला. त्यावर संजय मांजरेकरने ऐकवलं की विचारायची गरज तुला, आम्ही खेळलोय. पुढे त्याने माफीही मागितली.

मांजरेकरचंही अगदीच चूक नाही. उसळता चेंडू अंगावर येतो तेव्हा काय वाटतं, हे ३७ कसोट्या खेळलेलाच सांगणार. पण आपल्याला सगळं माहीत आहे असं ज्याला वाटतं, तो प्रश्नच विचारत नाही. मग प्रेक्षकाला कळायचं कसं?

आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं बर्मिंगहॅमचं राष्ट्रकुल सुवर्ण २०२२ मध्ये अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकलं. ती स्टीपलचेस समजावून सांगायला स्टीपलचेस धावलेलाच माणूस हवा म्हटलं, तर असे किती सापडतील? तिथे अभ्यास केलेलाच लागतो.

तेव्हा माईक द्यायचा तो तयारी बघून. आणि भित्तिपत्रकावर मॅचबद्दल लिहिणाऱ्या पोरांनो, टीममध्ये नाही म्हणून पेन खाली ठेवू नका. फक्त अभ्यास करून लिहा!