जुन्या मोटारीचा पट्टा
दाराशीं उभी असलेली मोटार झिजत नाहीं, असा समज ताडकळसासारख्या गांवांतील सुशिक्षित घरांतहि आढळतो. तो घातक आहे. १९९८ सालीं बाजारांत आलेल्या, पुण्यास बनलेल्या डिझेल इंडिकाचेंच उदाहरण घेऊं. तिच्या एंजिनांत क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीनें कॅमशाफ्ट फिरविणारा दांतेरी रबरी ‘टायमिंग बेल्ट’ असतो. रबर उभ्या गाडींतहि म्हातारें होतें. पट्टा बहुधा सूचना न देतांच तुटतो. मग झडपा पिस्टनवर आदळून वांकतात, आणि मध्यरात्रीं परभणीस नेण्यास निघालेला रुग्ण वाटेंतच अडकतो. यास्तव किलोमीटरांबरोबर वर्षेंहि मोजावीं. जुनी गाडी घेतांना पट्टा केव्हां बदलला हें न कळल्यास तो प्रथम बदलावा. सोबत ताण राखणारी कप्पीहि बदलावी. ती तारीख घरच्या पंचांगांत टिपून ठेवावी, अशी कर्त्या मंडळींस आमची आग्रहाची विनंति आहे.