फुली की सांधेमोड?

अंगणात फरशी कुठली घालायची यावर आपल्याकडे महिनाभर चर्चा होते. शहाबादी की कोटा, काळसर की हिरवट, भाव काय... पण ती मांडायची कशी, हे मात्र गवंडी दारात आल्यावर पाच मिनिटांत उरकतं. नाहीतर कुणीतरी नेटवरचा फोटो पुढे करतं आणि म्हणतं, 'अस्संच हवं!' माझ्या मते मंडळी, खरा विचार मांडणीचाच करायला हवा.

सध्या आमच्या गावच्या घराच्या अंगणाचं घाटतंय, म्हणून हा विषय डोक्यात. जागा २० बाय १२ फूट, फरशी शहाबादी, २ बाय २ ची. बाबांना सरळ चौकटी हव्यात, चुलतभावाला तिरकी 'डायमंड' मांडणी. आईचं म्हणणं एवढंच, की पावसाळ्यात हातात बादली घेऊन न अडखळता चालता आलं पाहिजे. सगळ्यात नेमकी रिक्वायरमेंट तिचीच आहे.

आधी हिशेब. सांध्यांची जाडी सोडून देऊ. सरळ चौकटीत १० गुणिले ६, म्हणजे ६० फरश्या, कापाकापी शून्य. तिरक्या मांडणीत फरशीचा कर्ण येतो २.८३ फूट. तो २० मध्ये पुरा बसत नाही आणि १२ मध्येही नाही. चारी कडांना मिळून वीसहून जास्त फरश्या कापायच्या, आणि उरलेल्या तिकोनी तुकड्यांचं करायचं काय? तिसरा प्रकार सांधेमोड. विटांच्या भिंतीसारखी प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा अर्ध्या फरशीने सरकवलेली. त्यातही फरश्या ६०च, फक्त तीन मधोमध कापायच्या.

मग बाबांची चौकट का नको? तर दगड म्हणजे कारखान्यातली टाइल नव्हे. शहाबादी हा थराथरांनी सुटणारा चुनखडक. जाडी कमीजास्त, हाताने घडवलेल्या कडा थोड्या वाकड्या. एका फरशीत एक सूत फरक धरला, तरी दहा फरश्यांत सव्वा इंच! चौकटीत उभ्या-आडव्या दोन्ही रेषा दोरीत याव्या लागतात आणि चार कोपरे एका फुलीवर भेटतात. त्यातला एक वर राहिला की डोळ्याला खुपतो आणि पायाच्या अंगठ्याला त्याहून जास्त. सांधेमोडीत फक्त लांब रेषा दोरीत धरायची. मधले सांधे तुटक असतात, त्यामुळे सूतभर इकडेतिकडे खपून जातं. शिवाय दोनच कोपरे भेटतात, समोर तिसऱ्या फरशीची सरळ कड असते. आमच्या धंद्यात याला फॉल्ट टॉलरन्स म्हणतात :)

मशीनने चारी बाजू कापलेला, एकसारख्या मापाचा कोटा असेल तर चौकट खुशाल घाला, छान दिसते. मुद्दा इतकाच, की मांडणी दगडाच्या स्वभावावरून ठरवावी, फोटोवरून नव्हे.

आणखी काही गोष्टी गवंडीकाकांशी आधीच बोलून घ्याव्यात. दोन-तीन रांगा माल न टाकता कोरड्या मांडून बघायच्या. एका रांगेत एकाच रुंदीच्या फरश्या निवडायच्या. सुरुवात घराच्या दारापासून करायची, म्हणजे काही कमीजास्त झालंच तर ते कुंपणाकडे जातं. घरापासून बाहेर दर १० फुटांना दीड ते दोन इंच ढाळ ठेवायचा. आणि उघड्यावर पॉलिश अजिबात नको. ओल्या पॉलिशवरून पाय सटकला तर कुठलीही मांडणी वाचवणार नाही.

कोरड्या मांडणीला फार तर अर्धा दिवस जातो. गवंडी कुरकुरतील, घरचेही म्हणतील की एवढं काय त्यात. तो अर्धा दिवस द्याच. एकदा दर्जा भरल्या की मत बदलायला पहार लागते.