दुकानाच्या पाटीतलं अक्षर पावसात का विझतं?



संध्याकाळी दिवे लागल्यावर चामराजपेटेतल्या कुठल्याही मेन रोडवरून चालताना जरा मान वर करून पाट्या वाचा. बेकरी, मेडिकल, टेलर, क्लिनिक... एखाद्या नावातलं एक अक्षर विझलेलं असतं, एखादं लुकलुकत असतं, तर एखाद्याच्या ॲक्रिलिकमागे पाण्याचे थेंब दिसतात. आपण म्हणतो, "एलईडी गेली." पण बहुतेक वेळा एलईडी चांगली असते, पाणी शिरून तिचा जोड खराब झालेला असतो.

कर्नाटकात 2024 मध्ये कायदा बदलला आणि पाटीवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झालं. तेव्हा अनेकांनी नवे बोर्ड केले. त्यातच बंगळुरूचा पाऊस जरा वेगळा आहे. मे महिन्यात वळिवाच्या सरी, मग जून ते सप्टेंबर मान्सून आणि ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस. म्हणजे पाटीला नीट सुकायला नोव्हेंबर-डिसेंबरच उजाडतो. तुमच्या घरचं दुकान, क्लासेस किंवा दवाखाना असेल, तर आजचा विषय तुमच्यासाठीच आहे.

पाणी शिरतं कुठून?

समोरून क्वचितच. पाणी येतं ते मागून: स्क्रूच्या भोकातून, वायर जिथे आत जाते तिथून आणि अक्षराच्या वरच्या कडेवरून. दुसरं कारण सहज लक्षात येत नाही. दिवा चालू असताना अक्षराच्या आतली हवा गरम होते. वरून गार पाऊस पडला की ती आकसते आणि बाहेरची ओल आत ओढून घेते.

म्हणूनच "चारी बाजूंनी सिलिकॉन मारून टाका" हा सल्ला अर्धवट आहे. सगळं बंद केलं तरी ओल आत जातेच, फक्त तिला बाहेर पडता येत नाही.

मग करायचं काय?

1. वरून बंद, खालून वाट. वरची कड आणि बाजू सील करा. प्रत्येक अक्षराच्या सगळ्यात खालच्या जागी पाच-सहा मिलिमीटरचं भोक ठेवा. मुंग्या शिरू नयेत म्हणून आतून बारीक जाळी लावा. कन्नड अक्षरं गोलाकार, त्यामुळे पाणी तळाच्या वळणात साठतं. खालचं जोडाक्षर वेगळा डबा असेल, तर त्यालाही भोक हवं. मराठी पाटीत शिरोरेषा सलग असली, तर पाणी तिच्यातून वाहत प्रत्येक अक्षराच्या दांडीत उतरतं. तिथे भोक विसरू नका.

2. सिलिकॉन बघून घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तांब्याच्या तारेला आणि धातूला खातं. ट्यूबवर "न्यूट्रल" लिहिलेलं मागा. जागा कोरडी करूनच लावा आणि एक दिवस सुकू द्या.

3. आयपी नंबर वाचा. आयपी 65 म्हणजे धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बचाव. आयपी 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालेल. पण हा नंबर मॉड्यूलचा असतो, जोडाचा नाही! नुसती पिळून काळी टेप गुंडाळलेली तार उन्हात सुटते. आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी वापरायला सांगा.

4. पॉवर सप्लाय आत ठेवा. अक्षरामागे नको, दुकानात किंवा छपराखाली ठेवा. वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली थोडा झोल द्या. पाणी त्या झोलावरून खाली ठिबकतं, आत जात नाही.

हे सामान चामराजपेटेपासून जवळच, बी.व्ही.के. अय्यंगार रोड आणि एस.पी. रोडच्या दुकानांत मिळतं.

हे मात्र टाळू नका

अक्षरातल्या 12 व्होल्टचा सहसा धोका नसतो. धोका पॉवर सप्लायपर्यंत येणाऱ्या 230 व्होल्टचा असतो. बोर्डाची फ्रेम लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची असेल आणि ओली झाली, तर करंट थेट फुटपाथपर्यंत उतरू शकतो. नोव्हेंबर 2023 मध्ये बंगळुरूच्याच व्हाइटफील्ड भागात फुटपाथवर पडलेल्या विजेच्या तारेवर पाय पडून एक आई आणि तिचं नऊ महिन्यांचं बाळ दगावलं. ती तार पाटीची नव्हती, पण पायाखालचा फुटपाथ आणि वीज यांची गाठ कशी पडते, हे त्यातून कळतं.

म्हणून फ्रेमला अर्थिंग आणि लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पाऊस आला की तो पडत असेल, तर पुन्हा पुन्हा वर करू नका. तो तुम्हाला काहीतरी सांगतोय! पाटी बंद ठेवा, शिडी लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि हो, पाटी पाइपच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. तेही मेन स्विच बंद करूनच.

वर्षातून दोनदा पाहणी पुरेशी आहे: एप्रिलच्या शेवटी आणि पाऊस संपल्यावर. खालची भोकं मोकळी आहेत का, सिलिकॉनला तडे गेलेत का, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतो का, एवढंच बघायचं. शेजारच्या दुकानाची पाटी लुकलुकताना दिसली, तर त्यांनाही सांगा. त्या पाटीखालून रोज शाळेची मुलं जातात.