फाउंडेशन कोणी बनवलं?

गॅरेजात इंजिनाच्या माउंटला फाउंडेशन म्हणतात. लोखंडी ब्रॅकेट आणि त्यात बसणारं जाड रबर. इंजिन आणि गिअरबॉक्सचं सगळं वजन त्यावर. हा शब्द मी साहित्याच्या वर्गात नाही, डिचोलीला तियूच्या गॅरेजात शिकले. त्याच फाउंडेशनवरून गेल्या मे महिन्यात तिथे एक वाद झाला. त्याबद्दल मला माझं मत मांडायचं आहे.

गाडी होती स्टँडर्ड हेराल्ड. १९६१पासून मद्रासमध्ये बनू लागलेली, ९४८ सीसीच्या इंजिनाची. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तेव्हा हौशी लोक अशा गाड्या कापून-जोडून पळवायचे. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे ही त्यातलीच. मधे कोणीतरी तिच्यात फियाटचं इंजिन घातलं आणि त्यासाठी चॅसिसवरची मूळ ब्रॅकेटं छाटून टाकली. आता हेराल्डचं इंजिन मिळालं, गिअरबॉक्सही मिळाला. पण ते बसवायचे कशावर?

मापं कुठेच लिहिलेली नव्हती. तियूने इंजिन चेनब्लॉकला टांगलं, गिअरबॉक्सखाली जॅक लावला आणि दोन्ही हवेतच जागेवर आणलं. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बरोबर येतो का, ऑइलचा संप कुठे घासतो का, पंखा रेडिएटरला लागत नाही ना, हे बघण्यातच दोन दिवस गेले. मग पुठ्ठ्याचे फर्मे कापले आणि त्यावरून जाड पत्रा. इंजिनाच्या दोन बाजूंना दोन ब्रॅकेटं, गिअरबॉक्सच्या शेपटाखाली एक. आधी फक्त टॅक मारले. इंजिन उतरवून, रबरं काढून मग पूर्ण वेल्डिंग, कारण उष्णतेने रबर जळतं.

"बाय, इंजिन जोर लावताना अंग वळवतं," तियू म्हणाला. "रबर फार कडक असलं तर हादरे चॅसिसला तडे देतात. फार मऊ असलं तर गिअरची दांडी हातात नाचते."

काम मालकांना आवडलं. पण ते म्हणाले, "वेल्ड घासून सपाट करा, वर काळा रंग मारा. नवं काम दिसता कामा नये."

त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आणली. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चॅसिस, बॉडी किंवा इंजिन बदलणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. अटीमागचं कारण मला पटतं. नाहीतर कोणीही चार पत्रे जोडून त्याला व्हिंटेज म्हणेल. पण शर्यतीच्या गाडीचं मूळ रूप कोणतं? कारखान्यातून निघाली तेव्हाचं, की कोणा मेस्त्रीने रात्र जागून तिला पळण्याजोगं केलं तेव्हाचं?

आपण गोंयकारांनी तरी 'मूळ' या शब्दाला जरा घाबरावं. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात काढला गेला. आज आपल्यातल्या कितीतरी जणांना तो उघडा लाल चिराच मूळ वाटतो. इमारतींच्या जतनासाठी १९६४ साली झालेली व्हेनिसची सनद सांगते की नवा भाग एकूण रूपाशी जुळावा, पण तो नवा आहे हे ओळखूही यावं. गाड्यांनाही हाच न्याय लावावा, असं मला वाटतं. शिवाय वेल्ड घासून सपाट केला की सांधा कमजोर होतो. म्हणजे लपवालपवी खोटी तर आहेच, वर धोक्याचीही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक दुरुस्त गाडीबरोबर एक वही असावी: काय नवीन केलं, कशाचं केलं, कधी केलं, कोणी केलं. ती मराठीतही असावी, कारण काम करणारे हात पुष्कळदा मराठी-कोंकणी बोलणारे असतात. लिहायला आपण आहोतच.

तियूने काळा रंग मारून दिला, वेल्ड मात्र घासला नाही. मी तिन्ही ब्रॅकेटांची मापं, पत्र्याची जाडी आणि तारीख एका वहीत लिहून ठेवली आहे. बनवणाऱ्याच्या नावाची जागा तियूने कोरी ठेवायला सांगितली. "नाव कशाला, बाय? गाडी त्यांची." या एका बाबतीत मला तियूचं पटत नाही.